खिमा-पाव : कामावरून आल्यावर पाऊण तासात सकस जेवण



संध्याकाळी सातिवली, वालीव, गोखिवऱ्याचे गाळे सुटले की आपल्या वस्तीतल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो, आज रात्री काय करायचे? दिवसभर पॅकिंगला किंवा मशीनवर उभी राहिलेली बाई घरी येते. पाणी यायची वेळ तीच, पोरांच्या अभ्यासाची वेळ तीच आणि भुकेचीही तीच. मग एखाद्या दिवशी नाक्यावरून वडापाव येतो, एखाद्या दिवशी चायनीज भेळ, नाहीतर भात आणि पातळ डाळीवर भागवले जाते. पोट भरते, पण शरीराला हवे ते मिळतेच असे नाही.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही म्हणूनच एक पदार्थ निवडला आहे. तो पोरांना आवडतो, एका कुकरमध्ये होतो, त्याला पोळ्या लाटाव्या लागत नाहीत आणि त्यातून प्रथिने व लोह दोन्ही मिळतात. तो म्हणजे रसदार खिमा आणि पाव. मांस न खाणाऱ्या घरांसाठी त्याच मसाल्याचा सोयाबीन-मसुराचा प्रकारही पुढे दिला आहे. कृती सोपी आहे. पण खिमा कोणता घ्यावा, कसा शिजवावा, किती खावा आणि कुणी जपून खावा, हे कळले तरच तो आरोग्याच्या पानावर शोभेल. म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

आपल्या ताटात काय कमी पडते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे आपल्या चाळीत दहा खोल्या धरल्या, तर त्यातल्या निम्म्या खोल्यांत तरी अशी एक बाई असणार, जिला जिना चढताना धाप लागते, डोके जड होते, हातापायांत गोळे येतात. आणि ती "कामाचा थकवा आहे" म्हणून सोडून देते. प्रत्येक थकवा कामाचा नसतो. पुष्कळदा तो रक्ताचा असतो.

रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत. पाळीत जास्त रक्त जाणे, पाठोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत, वारंवारचे आजार ही त्यांतली काही. पण मोठे कारण ताटात आहे. भात, चपाती, बटाटा आणि चहा यांवर चाललेल्या शरीराला लोह पुरेसे मिळत नाही, आणि जे मिळते तेही नीट शोषले जात नाही. पालेभाजी, डाळ, नाचणी यांतले लोह शरीराला थोडे थोडेच घेता येते. मांसातले लोह वेगळ्या रूपात असते, ते आतड्यातून सहज रक्तात जाते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डाळीबरोबर थोडे मांस खाल्ले, तर डाळीतले लोहही जास्त शोषले जाते. मांसाबरोबर लिंबू पिळले, टोमॅटो घातला, तर त्याचा आणखी फायदा होतो. ब-१२ हे जीवनसत्त्व तर नैसर्गिकरीत्या प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असते, म्हणजे मांस, मासे, अंडी आणि दूध यांत.

प्रथिनांचे तसेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. एका वडापावने हा हिशेब जमत नाही.

पाव आपल्या वसईचाच, खिमा कष्टकऱ्यांचा

पाव हा शब्दच पोर्तुगीज आहे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, दोनशे वर्षांहून जास्त काळ, त्यांच्याकडे राहिली. भट्टीत भाजलेली आंबवलेल्या पिठाची भाकरी त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर आणली. मिरची, टोमॅटो, बटाटा ही अमेरिका खंडातली पिकेही पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांमुळेच आपल्याकडे आली. आपण 'बटाटा' म्हणतो, तो शब्दही त्यांचाच. आज आपण ज्याला अस्सल मुंबईचे खाणे म्हणतो, त्यात एवढी सरमिसळ आहे.

मुंबईत खिमा-पाव रुजला तो इराणी आणि मुसलमानी हॉटेलांत. गोदीतले कामगार, गिरणीतले कामगार, टॅक्सीवाले, छापखान्यातली माणसे सकाळी तिथे बसून एक प्लेट खिमा, दोन पाव आणि चहा घेत आणि कामाला लागत. कुलाब्याच्या ऑलिंपिया कॉफी हाऊसमध्ये आजही लोक त्यासाठी जातात. अमेरिकेतही याचा एक भाऊबंद आहे. गोमांसाचा खिमा टोमॅटोच्या आंबटगोड रसात शिजवायचा आणि गोल पावात भरायचा. खाताना हात माखतात, रस गळतो. तिकडे त्याला 'स्लॉपी जो' म्हणतात. कामावरून थकून आलेल्या आईबापांचे ते तिकडचे झटपट जेवण आहे. थोड्या मांसात जास्त माणसे जेवली पाहिजेत, ही गरज जगभरच्या कष्टकऱ्यांची सारखीच.

आपल्या घरांतही हे शहाणपण जुनेच आहे. मराठवाड्यातून आलेल्या आज्यांना चान्या ठाऊक आहेत. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या आणि पुढे कित्येक दिवस कालवणाला वापरायच्या. वजडी, काळीज, येसराचे कालवण, हे सगळे पोटाच्या गरजेतून आणि हाताच्या कसबातून आलेले आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात हे स्वयंपाकघर नीट लिहून ठेवले आहे. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. जे पदार्थ आपण पाहुण्यांपासून झाकून ठेवत होतो, ते आता पुस्तकात मानाने छापले गेले, ही साधी गोष्ट नाही.

कोणता खिमा घ्यावा?

आमच्याकडे ताया सर्वांत जास्त हाच प्रश्न विचारतात, आणि हलक्या आवाजात विचारतात. म्हणून येथे मोकळेपणाने लिहितो.

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आली. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे गाय-बैलाचे मांस घेणे, आणणे, बाळगणे यात पडू नये. म्हैस आणि रेडा मात्र या बंदीत नाहीत. जनावर तपासून दाखला मिळाल्यावर परवानगीच्या ठिकाणी त्यांची कत्तल होते आणि परवानाधारक दुकानात ते मांस विकले जाते. ज्याला आपण 'बड्याचे' किंवा 'मोठ्याचे' मटण म्हणतो, ते आज या म्हशी-रेड्याचे असते. ते बकऱ्याच्या मटणापेक्षा बरेच स्वस्त पडते. त्यात चरबी कमी, प्रथिने भरपूर आणि लोह कोंबडीपेक्षा जास्त असते.

ते घेताना चार गोष्टी पाळाव्यात. परवाना लावलेल्या दुकानातूनच घ्यावे. पावती मागावी आणि घरी पोहोचेपर्यंत जपून ठेवावी. पिशवी नीट बंद करून आणावी. दुसऱ्या गावाहून किंवा अनोळखी माणसाकडून "स्वस्तात मिळते" म्हणून आणू नये. ते कशाचे आहे आणि कसे कापले आहे हे कळत नाही, आणि उद्या काही झाले तर निस्तरायला आपणच. हे आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपले खाणे कायद्यात बसणारे असेल, तर ते ताठ मानेने खाता यावे म्हणून सांगतो.

बड्याचे चालत नसेल, तर बकऱ्याचा किंवा कोंबडीचा खिमा घ्यावा. कृती तीच राहते, शिजायचा वेळ तेवढा कमी लागतो.

आपण मांस खावे का?

हाही प्रश्न येतोच, म्हणून दोन शब्द. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याबद्दल. त्यामागे स्वाभिमान होता आणि त्यात आरोग्यही होते. रोगाने मेलेल्या जनावराच्या मांसातून काळपुळीसारखा जीवघेणा आजार माणसाला होतो. तपासून कापलेले ताजे मांस ही वेगळी गोष्ट आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. जीवक सुत्तातही, आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्खूने घेऊ नये असा नियम आहे. सरसकट मनाई तेथे नाही. कुणी पौर्णिमेला खात नाही, कुणी वर्षावासात सोडते, कुणी कायमचेच सोडलेले असते. ज्याने त्याने आपल्या विचाराने ठरवावे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला हसू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला कमी लेखू नये, एवढे पाळले तरी पुरे.

खिमा आणताना आणि शिजवण्याआधी

अख्ख्या मटणाच्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला. खिमा करताना वरचे आत जाते आणि सगळीकडे मिसळते. म्हणून खिमा मटणापेक्षा लवकर खराब होतो आणि तो आतपर्यंत शिजवावाच लागतो.

आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नये. मांसाचा तुकडा निवडावा, चरबी काढायला सांगावी आणि आपल्यासमोर खिमा करून घ्यावा. मशीन स्वच्छ आहे का तेही पाहावे. रंग लालसर असावा. हिरवट झाक, चिकट लागणे किंवा आंबूस वास असेल, तर तो परत करावा.

बाजारातले बाकी सामान आधी घ्यावे, खिमा शेवटी. घरी आल्यावर दोन तासांच्या आत तो चुलीवर गेला पाहिजे, आणि उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच आणावा.

खिमा नळाखाली धुऊ नये. पाण्याचे शिंतोडे भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात आणि जंतू तिकडे जातात. कुकरच्या उष्णतेने जे मरते, ते पाण्याने निघत नाही. ज्या विळीवर किंवा पाटावर मांस ठेवले, त्यावर तशीच कोथिंबीर चिरू नये. आधी साबणाने धुऊन घ्यावे, हातही धुवावेत.

खिमा-पाव : पाच माणसांसाठी

साहित्य : खिमा ३०० ग्रॅम, मसूर डाळ ७५ ग्रॅम (अर्धी वाटीभर), कांदे ३ मोठे, टोमॅटो ४ पिकलेले लाल, सिमला मिरची १ (असल्यास), आले-लसूण वाटण दीड चमचा, हिरव्या मिरच्या २, हळद अर्धा चमचा, कांदा-लसूण मसाला किंवा घरचा काळा मसाला २ चमचे, धणे-जिरे पूड १ चमचा, गुळाचा सुपारीएवढा खडा, तेल २ मोठे चमचे, मीठ बेताचे, लिंबू १, कोथिंबीर, पाव १०. सोबत २ कांदे, २ काकड्या आणि १ गाजर.

कृती : घरात आल्या आल्या मसूर डाळ धुऊन पाण्यात भिजत टाकावी. हातपाय धुऊन कांदा-टोमॅटो चिरेपर्यंत ती पंधरा मिनिटे भिजते. कांदा बारीक चिरावा. टोमॅटो किसणीवर किसून घेतले तर सालही वेगळी होते आणि रसही छान सुटतो. वीज असेल तर मिक्सरमधून काढावेत.

कुकरमध्येच तेल तापवावे. कांदा आधी न घालता खिमा आधी घालावा. मोठ्या आचेवर उलथन्याने गाठी फोडत सात-आठ मिनिटे परतावा. आधी त्याला पाणी सुटते, मग ते आटते आणि खिमा तपकिरी होऊन तळाला किंचित लागायला लागतो. खमंगपणा येतो तो येथेच, म्हणून घाई करू नये. मग कांदा घालून मऊ होईपर्यंत परतावा. आले-लसूण, मिरची, हळद, मसाला, धणे-जिरे घालून आच कमी करावी आणि मसाल्याचा कच्चा वास जाईपर्यंत हलवावे. मसाला करपायला लागला तर दोन चमचे पाणी शिंपडावे.

आता टोमॅटोचा रस, भिजलेली मसूर डाळ, बारीक चिरलेली सिमला मिरची, गूळ, मीठ आणि दीड वाटी पाणी घालावे. झाकण लावून बड्याच्या खिम्याला पाच-सहा शिट्ट्या द्याव्यात, बकऱ्याच्या खिम्याला चार आणि कोंबडीच्या खिम्याला दोन. वाफ आपोआप जिरू द्यावी. तेवढ्या वेळात कांदा-काकडी-गाजराची कोशिंबीर होते.

झाकण उघडल्यावर डाळ पूर्ण विरघळलेली दिसेल. पळीच्या पाठीने थोडे घोटावे आणि उघड्या कुकरवर पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. रस्सा जाडसर झाला पाहिजे. आमटीसारखा पातळ नको, सुक्या भाजीसारखा कोरडाही नको. पावावर पळीभर टाकला तर त्याने पाव भिजवावा, पण ताटभर पसरू नये. शेवटी लिंबू पिळावे, कोथिंबीर घालावी.

पाव मधून चिरून तव्यावर थेंबभर तेलावर भाजावेत. लोणी लावायलाच हवे असे नाही. एका पावात दोन पळ्या खिमा भरावा, वर कच्चा कांदा घालावा आणि गरमगरम द्यावा. लहान मुलांना पाव कुस्करून खिम्यात कालवून दिला तरी चालतो. एक वर्षापुढच्या बाळासाठी मिरची-मसाला घालण्याआधी थोडा खिमा-कांदा वेगळ्या वाटीत काढावा, त्यात थोडी भिजलेली डाळ आणि पाणी घालून ती वाटी त्याच कुकरमध्ये बसवावी. शिजल्यावर मऊ घोटून भरवावे.

बाजारचा टोमॅटो सॉस का नको? त्यात साखर आणि मीठ बरेच असते. चार लाल टोमॅटो आणि सुपारीएवढा गूळ यांनी तीच आंबटगोड चव येते. पावातही मीठ असतेच, म्हणून खिम्यात नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, मीठ सांगते.

हिशेब करून पाहू

१०० ग्रॅम कच्च्या खिम्यात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. ३०० ग्रॅमचे ६० झाले. ७५ ग्रॅम मसूर डाळीचे साधारण १८. एकूण ७८ ग्रॅम पाच जणांत वाटले, तर प्रत्येकाला १५ ग्रॅमच्या वर. दोन पावांचे पाच-सहा धरले, तर एका जेवणात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बाईच्या दिवसभराच्या गरजेच्या हे जवळजवळ निम्मे झाले.

डाळ घातल्याने खिमा पुरवठ्याला येतो. नुसता खिमा करायचा तर पाच जणांना अर्धा किलो लागला असता. रस्सा दाट होतो तोही डाळीमुळेच. पोरांना डाळ घातली आहे हे कळतसुद्धा नाही.

लोहाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. खिमा आणि मसूर मिळून माणशी साधारण दोन मिलिग्रॅम लोह होते. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम, पुरुषाची १९. म्हणजे आकडा लहान आहे. पण मांसातले लोह अंगी जास्त लागते आणि सोबतच्या डाळीचेही लागते, म्हणून त्याचे मोल आकड्यापेक्षा मोठे आहे. एक काळजी घ्यावी. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये. चहातले द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. खिमा-पावाबरोबर चहा ही हॉटेलातली सवय, पण ज्या बाईचे रक्त कमी आहे तिने जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

मांस न खाणाऱ्या घरांसाठी

१०० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या किंवा सोयाबीन चुरा गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवावा, दोनदा घट्ट पिळून पाणी टाकून द्यावे. वड्या असतील तर मिक्सरमधून भरड काढाव्यात. वर खिम्याच्या जागी हा चुरा घालून बाकी सगळे तसेच करावे, तीन शिट्ट्या पुरतात. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे प्रथिनांत हा प्रकार खिम्याच्या फार मागे नाही. ब-१२ मात्र यात नाही, म्हणून अशा घरांनी दूध, दही आणि चालत असल्यास अंडे यांकडे लक्ष द्यावे. येथे लिंबू विसरू नये, कारण वनस्पतीतल्या लोहाला लिंबाच्या मदतीची जास्त गरज असते.

पाव मैद्याचा असतो. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी दोन पावांऐवजी एक ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी घ्यावी आणि कोशिंबीर दुप्पट घ्यावी. गावाकडच्या आज्यांना तर खिमा-भाकरीच जास्त रुचेल.

कुणी जपावे, किती खावे

लाल मांस रोज खाण्याची वस्तू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला कर्करोगाची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातले. सॉसेज, सलामीसारख्या टिकाऊ मांसाला तर त्याहून वरच्या, खात्रीच्या यादीत. शिजवलेले लाल मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या वर जाऊ नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्या या कृतीत माणशी साठ ग्रॅम कच्चा खिमा येतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा केला, तर आपण मर्यादेच्या खूप आत राहतो.

गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा त्रास असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच खावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ कमी करावे आणि पापड-लोणचे सोबत घेऊ नये. गरोदर बाईने मांस खायला हरकत नाही, उलट फायदाच आहे. पण ते पूर्ण शिजलेले हवे. अर्धकच्चा, आतून गुलाबी खिमा कुणीच खाऊ नये. त्यातून जुलाब-उलट्या होतात, पट्टकृमीही होऊ शकतो.

उरलेला खिमा ओट्यावर रात्रभर ठेवू नये. फ्रीज असेल तर दोन तासांच्या आत झाकून आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी येईपर्यंत गरम करूनच खावा. फ्रीज नसेल तर सरळ मोजूनच करावे. शाळेच्या डब्यात रात्रीचा खिमा देऊ नये. चार-पाच तास कोमट राहिलेले मांस पोटाला बाधते.

नुसत्या खिम्यावर थांबू नका

शेवटी महत्त्वाचे. ज्या बाईचे रक्त खूप कमी झाले आहे, तिचे रक्त नुसत्या खाण्याने भरून येत नाही. गोळ्या लागतात. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी. ती सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात होते. हिमोग्लोबिन बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असे समजावे. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गरोदर बायांना लाल गोळी, वयात येणाऱ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी आणि त्याहून लहान शाळकरी मुलांना गुलाबी गोळी, अशी सोय अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात आहे. शाळेत, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे विचारावे. जंताची गोळीही मुलांना वेळेवर द्यावी, नाहीतर आपण घातलेले अन्न जंत खातात.

लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते. त्याने घाबरून गोळी बंद करू नये. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेतली तर त्रास कमी होतो. चहाबरोबर मात्र नको.

आणखी एक विनंती. खिमा वाढताना बहुतेक घरांत आधी पुरुषांना, मग पोरांना आणि उरले तर बाईला, असा क्रम असतो. कुकरच्या तळाशी राहिलेला रस्सा आणि एक पाव एवढेच तिच्या वाट्याला येते. ज्या घरात सर्वांत कमी रक्त तिच्या अंगात आहे, तेथे सर्वांत कमी खिमा तिच्या ताटात, हे गणित उलटे आहे. कुकर उघडल्यावर आधी पाच ताटल्या मांडाव्यात, सगळ्यांत सारखा खिमा वाढावा आणि मगच जेवायला बसावे. वयात येणाऱ्या मुलीच्या ताटात तिच्या भावाएवढेच पडले पाहिजे. याला एक पैसाही जास्त लागत नाही.